मिक्सरचं झाकण

४ ऑगस्ट १९८६, सोमवार

माझ्या हातानं केलेल्या वस्तू — वातीच्या स्टोव्हची चावी. टेबल फॅनची जाळी, जिच्यात पोराचं बोट जात नाही. इस्त्रीची मूठ. आमच्या वाशीच्या घरातलं फडताळ. आणि मिक्सरच्या भांड्याचं झाकण. तीन वर्षांपूर्वीचं, सगळ्यात देखणं. भांडं उलटं धरलं तरी थेंब गळत नाही. सातवीनंतर शाळा नाही. ड्रॉइंग वाचायला लेथवर उभ्या उभ्या शिकलो.

आज हे लिहायचं कारण — मिक्सरसाठी प्रॉडक्ट मॅनेजर आली. जयमाला नाईक. मॅनेजमेंट शिकलेली. आमच्या तुर्भ्याच्या कारखान्यात आजवर मिक्सर म्हणजे मीच. त्यामुळे सगळे माझा चेहरा बघत होते. ती सरळ माझ्या टेबलाशी आली. "मिस्त्रीकाका, या लायनीत मोठं व्हायचं तर काय करू?"

उद्या सांगतो म्हटलं. असल्या प्रश्नाला घाईचं उत्तर देऊ नये.

५ ऑगस्ट

सांगितलं. "केबिन मागू नका. वाशीचं दुरुस्ती काउंटर मागा आणि तिथं बसा. मीटिंगला उशिरा गेलात तरी चालेल, गिऱ्हाइकाच्या ओट्यापाशी वेळेवर जा. आणि मिक्सर कसा आहे, असं बाईला विचारू नका. चांगलाय म्हणेल. नवऱ्यानं हौसेनं आणलेली वस्तू, वाईट कशी म्हणेल? तोंडाला विचारू नका, हाताकडे बघा."

अकाउंट्समधला पंढरी लांबून म्हणाला, "मॅडम, यांचं ऐकाल तर पान्हा घेऊन रिटायर व्हाल."

ती हसली नाही. "काउंटरची किल्ली कुणाकडे असते?" एवढंच विचारलं.

बाई कामाची आहे.

२१ ऑगस्ट

मॅडम खरंच काउंटरवर बसतात. शेठ वैतागलेत — "एमबीए म्हणून घेतली, आणि ती भांडी पुसत बसते." मी मान वर केली नाही. छाती मात्र फुगली.

१० सप्टेंबर

काउंटरवर कोपरखैरणे गावातल्या भिमाबाई आल्या. मासळी विकतात. मॅडमनी मला बोलावून घेतलं. मिक्सर चालू होता, बिघाड काही नाही. भिमाबाई म्हणाल्या, "झाकन दाबून धरला तं चालतं. हात सोरला का सगला भितीवर."

मी म्हटलं, नीट बसवत नसाल.

"तूच येऊन बसव ना मंग रोज. चा पाजीन."

झाकण मापलं. केसाइतकाही फरक नाही. बाईंचीच चूक, असं मॅडमना सांगितलं. त्या हळूच म्हणाल्या, "काका, त्यांच्या हाताकडे बघितलंत का?"

तळव्याला फडकं गुंडाळलेलं होतं.

१४ सप्टेंबर, रविवार

मॅडमना घरी जेवायला बोलावलं. म्हटलं, माझ्या घरचा मिक्सर बघा, तीन वर्षांत एक तक्रार नाही. टीव्हीशेजारी ठेवलेला असतो. वर माझ्या बायकोनं, दुर्गानं विणलेलं क्रोशाचं कव्हर.

मॅडम दुर्गाला म्हणाल्या, "काकू, वाटण मिक्सरवर करा ना, मी बघते."

दुर्गानं कांदा-खोबरं भाजलं आणि बाल्कनीतला पाटा ओढला.

"अगं, मिक्सर आहे ना?"

"आहे की. शोभतो तिथं."

मॅडम हटेनात. शेवटी तिनं गरम वाटण भांड्यात घातलं. झाकणावर जाड फडकं, त्यावर दोन्ही हात, आणि तोंड फिरवलेलं — फडक्याखाली विंचू धरल्यासारखं. तरी झाकण उडालं. वाटण माझ्या सदऱ्यावर.

गरम! झाकण केलं तेव्हा मी पाणी घालून बघितलं, शेंगदाणे घातले, भिजवलेली डाळ घातली. सगळं गार. "सकाळी डब्याच्या घाईत वाटण गार कोण होऊ देतं?" दुर्गा म्हणाली. वाफ जाणार कुठून? थेंब गळू नये म्हणून तिची वाट मीच बुजवलेली.

दुर्गाच्या मनगटावर जुना डाग आहे. मला तेल उडालं म्हणून सांगितलं होतं. मॅडमनी विचारलं तेव्हा म्हणाली, "मिक्सर घरी आणला त्याच दिवशी. हे खाली सोसायटीत पेढे वाटत होते. काय सांगणार?"

हाताकडे बघा म्हणे.

१५ सप्टेंबर

झाकण पहिल्यापासून करायला घेतलं.

२६ सप्टेंबर

झालं. मधोमध भोक, त्यावर छोटी टोपी, टोपीच्या काठाला तिरप्या खाचा. वाफ जाते, मसाला जात नाही. काठ स्वतः घासला, बोट फिरवलं तर साय. दुर्गानं गरम वाटण केलं — एक हात झाकणावर, दुसऱ्या हातानं मला खूण. "या, बघा." भिंत कोरडी. मनात आलं, असं झाकण अख्ख्या मुंबईत कुणी केलं नसेल. आणि ते करायला लावणारी मॅनेजरही कुणाकडे नसेल. तिला काउंटरवर बसवणारा मी.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

मॅडमनी शेठना सांगितलं, जुन्या झाकणाचा माल दिवाळीला बाहेर जाऊ नये. शेठ म्हणाले, "गोदाम भरलंय. बायकांना सांगा, गार करून वाटा." मॅडम म्हणाल्या, "हात भाजतात, शेठ. माल सोडायच्या कागदावर मी सही करणार नाही."

शेठनी त्यांना बाहेर पाठवलं. मला बसवलं. चहा मागवला.

"मिस्त्री, टेन्शन घेऊ नका. झाकण तुमचं. तुम्हीच म्हणा ठीक आहे. मग ती पोरगी सोमवारपासून नको."

पुढेही बोलले. उद्या सांगतो म्हटलं.

४ ऑक्टोबर, शनिवार

नाही म्हणून सांगितलं. झाकण माझ्या हातचं आहे, ते चुकलंय हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? मॅडमना काढलंत तर नव्या झाकणाचा साचा मी करणार नाही, हेही सांगितलं. शेठ म्हणाले, "मग बसा दोघं काउंटरवर." बरं म्हटलं. सोमवारी एक खुर्ची जास्त न्यायची आहे.

शेठनी काल देऊ केली होती ती मॅडमची जागा. प्रॉडक्ट मॅनेजर, दारावर माझ्या नावाची पाटी. महिना साडेचार हजार. आत्ता मिळतात अठराशे.