तपकिरी, काळा, लाल

अण्णा, आज दुपारी मी तुमच्या तीन सेलांच्या बॅटरीत लेसर बसवला. बॅटरी तीच, स्टीलची, तुमच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये असायची ती. तुम्ही गेल्यावर धाकट्यानं परतूरचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान मोकळं केलं, तिथं मोबाईलची कव्हरं टांगली, आणि जुनं सामान भंगारात घालण्याआधी मला फोन केला, "ताई, तुला काय पाह्यजे का यातलं?" मला जे पाहिजे होतं ते त्या सामानात नव्हतंच. बॅटरी तेवढी उचलली. इतकी वर्षं ती बदनापूरला माझ्या स्वयंपाकघराच्या फळीवर पडून होती. लेसर कशाला, असं घरात विचारून झालं. भिंतीवर एक ठिपका पडतो, बाकी काही उपयोग नाही. पण जन्मात एकदा मला असं काहीतरी जोडायचं होतं, जे कोणाचं बिघडलेलं नाही आणि ज्याची कोणी वाट पाहत नाही.

तुम्हाला आपली परात आठवत असेल. आई चुलीपाशी भाकरी थापायची आणि खिडकीच्या उजेडात तुम्ही परातीत रेझिस्टन्स ओतायचे. वीज अडवणारे तांदळाएवढे तुकडे, अंगावर रंगीत पट्टे; कोणता तुकडा किती अडवतो ते पट्ट्यांच्या रंगांवरून कळायचं. "सांग बरं बाई, जल्दी." मी म्हणायची, तपकिरी, काळा, लाल. तुम्ही म्हणायचे, हजार. मी म्हणायची, तपकिरी, काळा, तपकिरी. तुम्ही म्हणायचे, शंभर. रंग माझे, आकडे तुमचे. तुम्हाला लाल आणि तपकिरी वेगळे दिसत नाहीत, हे घराबाहेर कोणालाच माहीत नव्हतं. टीव्हीचा लाल दिवा लागला तरी तुम्हाला तो विझल्यासारखाच असायचा. मग हळूच विचारायचे, "लागला का गं?" त्या वेळी मला वाटायचं, अख्ख्या परतुरात माझ्याइतकं मोठं कोणी नाही.

सातवीत आहे मी. परीक्षा चालू आहे, म्हणून दोन दिवस परातीपाशी बसलेली नाही. शाळेतून तुमचा डबा घेऊन दुकानात येते, तर टेबलावर एक टीव्ही उघडा पडलाय आणि जळकट वास सुटलाय. गिऱ्हाईक कमरेवर हात ठेवून उभं. "काय शेठ, नीट करायला दिल्ता का जाळायला?" मी वाकून पाहते. रेझिस्टन्स काळवंडलाय, तरी पट्टे ओळखू येतात. हजाराच्या जागी शंभरचा बसवलाय. मी वर पाहते आणि माझ्या तोंडाकडे बघून तुम्हालाही कळतं. तुम्ही गिऱ्हाईकाकडे वळता. मग म्हणता, "ह्या पोरीनं लावला. माझी नजर चुकवून लावला." गिऱ्हाईक हसतं. "घ्या! लाटणं द्यायचं सोडून पोरीच्या हाती सोल्डरिंग गन दिली म्हणायची!" तुम्ही पण हसता. "आजपासून हिचं पाऊल न्हाई पडू देणार दुकानात. बिलकुल न्हाई." डबा माझ्या हातातच होता, अण्णा. तो कुठं ठेवावा हेही मला सुचत नव्हतं.

घरी आई म्हणाली, "गप ऱ्हा बाई. मिस्त्रीला रंग दिसत न्हाई म्हणलं तर कोण आणून देईल टीव्ही?"

"मंग माझं?"

"तुझं काय? तुला थोडंच दुकान चालवायचं हाये."

तिसऱ्या दिवशी परात पुन्हा खिडकीशी आली. "सांग बरं बाई." आणि मी सांगितलं. माझं लग्न होईपर्यंत सांगत राहिले. दुकानातल्या स्टुलावर धाकटा बसला, सोल्डरिंग त्याला शिकवलं, आणि तो किती हुशार निघाला हे तुम्ही गिऱ्हाईकांना ऐकवत राहिलात. मी एका वाक्याची वाट पाहत होते. चारचौघांत नाही तरी चालेल, परातीपाशी चालेल. शेवटच्या आजारपणात तुम्ही तळहातावरची गोळी माझ्यापुढे धरली, "लाल का तपकिरी?" मला वाटलं, आता म्हणाल. मी म्हणाले, लाल. तुम्ही "बराबर" म्हणालात आणि गोळी गिळून टाकली.

आजचं सांगते. लेसरचा उजेड पाडणारा डायोड, त्याच्यापुढे भिंग, मागे एक रेझिस्टन्स, बटण तुमच्याच बॅटरीचं. सोल्डरिंग मी मोबाईलवर बघून शिकले. बटण दाबलं तर भिंतीवर मळकट लाली, ठिपका नाहीच. आधी वाटलं, डायोड गेला. मग चष्मा घातला. शंभरच्या जागी मी हजारचा लावला होता, तपकिरी, काळा, लाल. तुमचीच चूक, उलट्या बाजूनं. ओट्यापाशी कोणी नव्हतं, म्हणून ती माझ्यावरच राहिली. ती ठेवून घ्यायला इतकं काही जड गेलं नाही, अण्णा.

बरोबर तुकडा लावला, भिंग फिरवलं, आणि खिडकी लावून घेतलेल्या स्वयंपाकघरात समोरच्या भिंतीवर ठिपका उमटला. मोहरीएवढा, लालभडक. मी तो तुमच्या फोटोखाली, भिंतीवर, बराच वेळ धरून ठेवला.

हे पत्र बॅटरीबरोबर फळीवरच राहील. फक्त एक सांगायचं राहिलं. डायोड मागवताना दोन रंग मिळत होते. हिरवा डोळ्यांना जास्त स्पष्ट दिसतो, असं खाली लिहिलं होतं. तो तुम्हालाही दिसला असता, मला माहीत होतं. मी लाल मागवला.