सलग तीन बैठका

पाथर्डी,
मंगळवार, १० फेब्रुवारी २०२६

प्रिय प्रवीण सर,

सप्रेम नमस्कार. इकडं आम्ही सगळे ठीक आहोत, तुम्हीही नगरला सहकुटुंब ठीक असाल. गॅरेजला सध्या उसंत नाही. कारखाने चालू आहेत तोवर ट्रॅक्टर माझ्या दारात धापा टाकत येणारच. घरची परवा विचारत होती, महिना झाला, सरांचा फोन नाही, येणं नाही, भांडलात का? म्हटलं, अजून नाही, आता भांडतो. फोनवर भांडायला गेलो तर तुम्ही "मच्छिंद्रभाऊ, जरा शांत व्हा" म्हणाल आणि मी होईन, म्हणून कागद घेतला.

पुण्याच्या अधिवेशनातलं तुमचं भाषण मोबाईलवर ऐकलं. आपल्या मुक्त अध्ययन मंडळाला स्वयंसेवी नेतृत्वाचं मानचिन्ह मिळालं. अध्यक्ष म्हणून तुम्ही शाल घेतली आणि म्हणालात, "शिकणारा जिथं आहे तिथं शिक्षण पोहोचलं पाहिजे." टाळ्या पडल्या. भाषण झकास झालं, त्यात वाद नाही. त्याच आठवड्यात तुमच्या सहीचं पत्र लंकाबाईच्या गावच्या घरी गेलं. सलग तीन बैठकांना गैरहजर राहिल्यामुळे कलम नऊनुसार आपले विद्यार्थी प्रतिनिधीपद रद्द करण्यात येत आहे. स्पीड पोस्टानं. त्या घराला दिवाळीपासून कुलूप आहे. पोस्टमनने कुलूप बघितलं आणि पत्र शेजारी दिलं, शेजारणीने पोराकडून वाचून घेतलं आणि फोन करून तिला ऊसतोडीच्या तळावर कळवलं.

सर, बाई ऊस तोडायला गेली म्हणून तिला काढलं, आणि काढल्याचं पत्र ती जिथं नाही तिथं पाठवलं. लांब राहून शिकणाऱ्यांसाठी काढलेलं आपलं मंडळ, आणि त्याने एका बाईला लांब असल्याची शिक्षा दिली. हे शहाणपण आपल्यालाच सुचू शकतं.

तुम्ही म्हणाल, कलम आहे. आहे. घटनेतलं कलम नऊ मीच घातलंय, हे मला तुम्ही सांगायला नको. पहिल्या वर्षी काय झालं होतं आठवा. रिटायर झालेल्या मोठ्या लोकांनी पदं घेतली, लेटरहेडवर नावं छापली, फोटोला आले आणि बैठकीला कोणी फिरकलं नाही. त्यांना बाहेर काढायला ते कलम होतं. नगरमध्ये घरी बसून न येणाऱ्यासाठी होतं, नेवाशाच्या पुढं उसाच्या फडात मोळ्या वाहणाऱ्या बाईसाठी नव्हतं. म्हणून तर तिची निवड झाल्यावर आपणच ठराव केला की तिने फोनवरून भाग घेतला तरी हजेरी धरायची. तुम्हीच मांडला होतात तो ठराव.

आणि निवड कशी झाली होती, तेही आठवा. आपल्या दोनशेवर विद्यार्थ्यांनी मोबाईलवर बोलून मतं पाठवली आणि ती सगळी मी एकेक करून ऐकली. एकीच्या मागं शेळी ओरडत होती, एकाच्या मागं मिक्सर चालला होता. "माजं मत लंकाबाईला." अशी मी ऐकतच गेलो. एवढी मतं तुम्हाला किंवा मला पडली नसती. चौतीस वर्षांची बाई, दहावीला दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा बसतेय, आणि तिने निवडून आल्या आल्या एकच मागणं मागितलं. तळावर तिच्यासारख्या अकरा बायका शिकतायत, तर हंगामात रविवारचा संपर्क वर्ग पाथर्डीत न घेता तळावर घ्या. तिथून खरी अडचण सुरू झाली, सर. आपल्यापैकी कोणालाच रविवारी साठ किलोमीटर जायचं नव्हतं. तोंडाने कोणी म्हणालं नाही. सगळ्यांनी "विचार करू" म्हटलं, आणि त्या दोन शब्दांना इंजिनातल्या खटखटीसारखा जो आवाज असतो, तो मला कळतो.

परवा रविवारी मी तळावर गेलो होतो. दुपारी दोनला ती फडातून आली. डोक्यावर उसाच्या वाढ्यांचा भारा, हातात कोयता. मला बघून भारा टाकला, पाचटाच्या कोपीतून पाण्याचा तांब्या आणून दिला आणि मग कापडात बांधलेली पुस्तकं आणून माझ्या पुढ्यात ठेवली. आपल्या मंडळाचीच. सगळ्यांना खाकी कव्हर घातलेलं, कोपऱ्याला काळं लागलेलं.

"दुसऱ्या कुनाला द्या भाऊ," ती म्हणाली. "माज्यानं आता व्हायचं न्हाई."

मी समजूत घातली. पद गेलं म्हणून परीक्षा कशाला सोडायची, वगैरे. तुम्ही भाषणात जे बोलता तेच मी बोलत होतो. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पदाचं न्हाई भाऊ. नोव्हेंबरात रेंज न्हवती, डिसेंबरात न्हवती, ती गैरहजरी माजी. जानेवारीत मी पान्याच्या टाकीवर चढले हुते. मुकादमाचं बोलनं खाऊन गेल्ते. फोन लागला हुता. तुमचं समद्यांचं बोलनं मला नीट येत हुतं."

एवढंच. माझ्याकडं बघत होती. मी काय बोललो, लिहायला लाज वाटते. मी म्हणालो, "रेंजचं काही सांगता येत नाही, लंकाबाई." आणि पुस्तकं टेम्पोत टाकून निघून आलो.

घरी येऊन सगळं घरचीला सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "रस्त्यानं जानाऱ्या ट्रॅक्टरचा नोझल बिघडलेला तुमाला खाटंवरून ऐकू येतो. अन् हातातल्या फोनातला बाईचा आवाज येत न्हाई?"

सर, आता मुद्द्याचं लिहितो. इतका वेळ तुमच्यावर ओरडलो ते खोटं नाही, पण ते सोपं होतं.

चार जानेवारीच्या बैठकीत फोन माझ्या हातात होता. स्पीकर चालू होता. तिचा आवाज आला, "हॅलो, मी लंकाबाई, मी हजर हाय." मागं वारा होता, टाकीच्या पत्र्यावर तिची बांगडी वाजली, तीसुद्धा मी ऐकली. तुम्ही मला विचारलंत, "येतोय का आवाज?" आणि मी म्हणालो, "नाही येत," आणि फोन बंद केला. तुम्ही म्हणालात, "पुढचा विषय घ्या." पुढचा विषय म्हणजे कलम नऊ. शुभांगीताईंनी ते वाचलं. वाचताना मध्येच थांबून त्यांनी पाणी घेतलं. तुमची मान फोनकडं वळली होती, सर, मी म्हणालो "नाही" तेव्हा ती परत कागदाकडं गेली. टेबलाभोवती आठ जण होतो. आठांनाही ऐकू आलं होतं. एकाने खोटं बोलायचं होतं आणि सातांनी ते मानून घ्यायचं होतं. रविवार वाचला.

माझं खोटं मात्र रविवारसाठीही नव्हतं. त्याहून हलकं होतं.

तुम्हाला माहीत आहे, मी टेम्पोच्या काचा बंद करून आत बसून मोबाईलमध्ये धडे बोलतो. इतिहासाचे, विज्ञानाचे, दीडशेच्या आसपास झाले असतील. मला वाटायचं, माझ्या आवाजावर मंडळ चाललंय. पान्हे धुवत वाढलेला माणूस चाळिशीत तुमच्या हाताखाली बी.ए. झाला, आता त्याचा आवाज तळांवर वाजतो, याची मला गुर्मी होती. दिवाळीआधी लंकाबाईने सगळ्यांच्या ग्रुपवर बोलून टाकलं, "मच्छिंद्रभाऊंचा धडा लागला की आमी भाकरी थापाया उठतो. गोष्टीच लई सांगत्यात. शुभांगीताईंचा लावा." मागं बायका हसल्या. किती हसल्या तेही मी मोजलं, सात. मी उत्तरादाखल हसरा चेहरा पाठवला आणि दोन महिने तो अपमान पोटात ठेवून बसलो. चार जानेवारीला त्याची परतफेड केली. ती खरं बोलली होती. परवा मी माझे तीन धडे ऐकले, गोष्टीच फार आहेत.

आता पुढचं. मी राजीनामा देणार नाही. राजीनामा दिला की हार घालाल, भाषण कराल आणि विषय संपवाल. मी कार्यवाह आहे, आणि बैठकीची वेळ व जागा कार्यवाह ठरवील हे कलम दहा आहे. तेही माझंच. म्हणून कळवतो की मार्चच्या एक, आठ आणि पंधरा तारखेला, तिन्ही रविवारी, कारखान्याचा हंगाम संपायच्या आत, मंडळाची बैठक लंकाबाईच्या तळावर, दुपारी दोन वाजता आहे. बसायला ताडपत्री मी आणतो. फोनवरची हजेरी कार्यकारिणीला चालणार नाही, ती सवलत फक्त विद्यार्थी प्रतिनिधीला आहे, ठराव वाचून बघा. कलम नऊ जसंच्या तसं लागू राहील. जो तिन्ही बैठकांना येणार नाही त्याला पत्र जाईल, घरच्याच पत्त्यावर.

पहिल्या बैठकीचा पहिला विषय मागच्या इतिवृत्ताची दुरुस्ती. "श्रीमती लंकाबाई यांचा फोन लागला, आवाज आला नाही" हे वाक्य काढून त्याजागी असं लिहायचं: "आवाज स्वच्छ येत होता. कार्यवाहांनी खोटे सांगून फोन बंद केला." सूचक मी. तिच्या समोर, त्या अकरा बायकांच्या समोर उभं राहून वाचीन. अनुमोदन तुम्ही द्यायचं आहे, सर. द्याल तर ती चार जानेवारीला हजर होती, सलग तीन होत नाहीत, पद तिचं आहे. नाही दिलंत तर इतर सहा जण तुमच्या तोंडाकडं बघतील, आणि मग ते काय ऐकल्यासारखं करतात ते आपल्या दोघांनाही ठाऊक आहे.

पुस्तकं माझ्या टेम्पोतच आहेत. खाली काढली नाहीत. लंकाबाई ती परत घेईल की नाही, मला माहीत नाही. घेतली नाहीत तर पुढच्या रविवारी पुन्हा नेईन. बैठकीला जाताना तुम्हाला नगरहून घ्यायला आलो असतो, पण या वेळी तुम्ही स्वतःच्या गाडीने या. रस्ता केवढा लांब आहे, ते कळायला हवं.

वहिनींना नमस्कार सांगा.

चार जानेवारीला ज्याला सगळं ऐकू आलं होतं, तो तुमचा,
मच्छिंद्र