चपट्या चेंडूचं जाळं

२ नोव्हेंबर १९९५, गुरुवार

कागदा, तुझ्यापेक्षा आमची दाभोळची शेळी हुशार! तिला कालचं आठवायचं. तुला मात्र लिहून दिल्याशिवाय काही ध्यानात राहत नाही. मी अंगठेबहाद्दर, पण माझं सगळं डोक्यात!

तूबा लिहितेय. माझी नात, पंधरा वर्षांची. इंग्रजी शाळेत मराठी पुसून गेली, म्हणून तिच्या आईने, रुकय्याने, ही शिक्षा काढली — दादी बोलेल ते लिहायचं. "दादी, स्लो!" म्हणते. अगं, मी कुठे पळतेय? गुडघे बघ माझे!

खबर अशी. आमच्या गल्लीच्या टोकाला, हूरा मोहल्ल्यातल्या त्या जुन्या मोठ्या हॉटेलात, बर्फावरच्या हॉकीचा सामना आहे. पोरापोरींचा. या आखाती बेटावरचा पहिला असा सामना तिथेच झाला होता, त्याची आठवण म्हणून. तूबा वर्षभर बायकांच्या वेळेत तिथल्या मशीनच्या बर्फावर घसरायला जाते. आता म्हणते, "मला गोलात उभं राहायचंय." तिचा बाप, माझा शब्बीर, भाकरी मोडता मोडता म्हणाला, "मफी. खलास." म्हणजे नाही, विषय संपला.

पोरगी भरल्या ताटावरून उठली.

४ नोव्हेंबर

तो पहिला सामना मला कोण सांगणार!

माझा नवरा खिजर मासळीबाजाराजवळच्या बर्फाच्या कारखान्यात होता. हॉटेलच्या साहेबाने बर्फाच्या लाद्या मागवल्या. नाचायच्या हॉलमधल्या खुर्च्या काढल्या, खाली लाकडाचा भुसा, वर लादीला लादी, फटींत गार पाणी. मासळीचा बर्फ, पण हॉलमध्ये काय मिजास! गोलाला मात्र नुसते पाइप. खिजर बोलून बसला, "माझी बायको जाळं विणते."

मी दाल्दी, म्हणजे कोळ्यांच्या घरातली. चालायच्या आधी जाळं शिकले. विणायला बसलं की पहिला सवाल एकच — मासा कुठला? त्यावर आस ठरते, म्हणजे जाळ्याचं भोक. खिजर हसला. "मासा नाही गं, हॉकीचा चेंडू!" चेंडू मी मैदानावर पाहिला होता. त्या मापाने आस धरली.

आणि बर्फावर आली काय — चपटी रबरी चकती! धिरड्यासारखी! उभी झाली, माझ्या आसेतून आरपार, थेट भिंतीवर! हे म्हणतात "गोल!", ते म्हणतात "बाहेरून गेला!" जाळ्यावर ओरखडाही नाही. बुटांत पाणी शिरेपर्यंत गोरे भांडले. मी स्वयंपाकघराच्या दारात हसतेय. खिजर हसत नव्हता.

हॉटेलात आता पितळी पाटी आहे. तूबाने वाचून दाखवली — सामना बरोबरीत सुटला. कसली बरोबरी! गेलं ते गेलंच होतं. खूण राहिली नाही, एवढंच.

५ नोव्हेंबर

बापलेक बोलत नाहीत. मीठ हवं तरी मला मध्ये घालतात.

९ नोव्हेंबर

हॉटेलचे मॅनेजर घरी आले. शरच्चंद्र नाव, पुण्याचे. नवे गोल बोटीने आले, पण जाळी फाटलेली. सूकमध्ये, बाजारात, कुणीतरी माझं नाव सांगितलं. "आजी, जमेल का?"

मी म्हटलं, "आधी मासा दाखवा."

त्यांनी खिशातून चकती काढली. मोतीबिंदूमुळे मला दिसते ती नुसती काळी सावली, म्हणून हातात घेतली, उभी केली, बोटांनी मापली. मग म्हटलं, "जाळं देते. पण त्याच्यापुढे माझी नात उभी राहील."

शरच्चंद्र शब्बीरकडे बघतात, शब्बीर पंख्याकडे!

ते गेल्यावर भडकला. "आई, काय लावलंस हे? हॉलभर पुरुष असतात. लोक काय म्हणतील?"

"मी गेले होते तेव्हा काय म्हणाले?"

"तू डबा घेऊन गेली होतीस, आई! दारात उभी होतीस!"

खरंच की. जाळं माझं, सगळा हॉल त्यावर भांडतोय, आणि मी दारात. हातात नवऱ्याचा डबा. आत ये, असं कुणी म्हटलं नाही. आत जावं, असं मलाही सुचलं नाही.

तूबा, लिही. रडू नकोस, शाई फुटेल.

१३ नोव्हेंबर

विणतेय. आस मोठी झाली तर निसटतं, लहान झाली तर जाळंच पाण्याला जड होतं. माशाचं माप बोटांना कळतं. पोरांचं कशाने घ्यायचं?

शब्बीर मआमीरच्या कारखान्यातली शिफ्ट करून आला. चहा घेतला, माझ्याजवळ बसला आणि जाळ्याच्या सुईत दोरा भरायला लागला. त्याचा बाप भरायचा तसा. हो म्हणाला नाही. नाहीही म्हणाला नाही. मग हळूच, "ती चकती तिच्या तोंडावर बसली तर?"

अस्सं! म्हणजे लोक नव्हतेच. हाच घाबरला होता!

तूबाने लोखंडी जाळीचा मुखवटा आणला. याने स्वतःच्या तोंडावर चढवला आणि म्हणतो, "यल्ला, चल, मार!" तिने लाटण्याने मारलं. जरा जोरातच मारलं. बरेच दिवसांचं साठलं होतं.

"ठीक आहे," आतून आवाज आला.

२४ नोव्हेंबर

झाला सामना. तूबाने पुष्कळ अडवले. शेवटचा एक सुटला आणि बसला जाळ्यात, पापलेटासारखा! सगळ्या हॉलने पाहिला. भांडण नाही, काही नाही. मी टाळ्या वाजवल्या. मग रुकय्याने कोपर मारलं — अहो, आपण हरलो!

जाळं माझं, आणि त्यात अडकली नातीची हार!

८ डिसेंबर

अक्षर वेगळं दिसतंय ना, कागदा? शब्बीरचं आहे. तूबाला टीमने दुबईला नेलंय, रुकय्या सोबत आहे. उद्याच्या विमानाने हाही निघालाय, सामना बघायला. तर लिही, शब्बीर. सांदणं ओल्या फडक्यात बांधून ने. जवळ्याची चटणी वेगळ्या बरणीत, नाहीतर सगळ्याला वास लागेल. आणि डबा घेऊन दारात उभा राहू नकोस. आत जा, पुढच्या खुर्चीत बस, मग उघड.