पैकीच्या पैकी

६ जुलै

नापास! पंचविसांपैकी सात! वय वर्षं एकोणऐंशी, आणि निकालावर लाल रेघ!

लेकीने आज कानाच्या दवाखान्यात नेलं. एक छोटीशी खोली, भिंतींना गादीसारखं काहीतरी ठोकलेलं, दार तिजोरीसारखं जाड. आत मी, काचेपलीकडे ऑडिओलॉजिस्ट बाई. (माझ्यापुरत्या — परीक्षक बाई.) कानांवर हेडफोन. रेकॉर्डिंगमधला एक गृहस्थ एकेक शब्द उच्चारणार, ऐकू येईल तो मी परत म्हणायचा. गृहस्थ बोलतोय हे कळत होतं. काय बोलतोय ते विचारू नका! भिजलेल्या वहीसारखं — ओळी दिसतात, अक्षरं फुटलेली. मी आपला ठोकून देत होतो.

बाईंनी कागदावर लिहून दिलं — 'आजोबा, आवाज पोचतो, शब्द उलगडत नाहीत. भारी मशीन लावून पुन्हा तपासू. तरी नाही जमलं तर ऑपरेशन, कानाच्या आत यंत्र बसवायचं.'

म्हटलं, उत्तरं दाखवा! हसल्या, यादीच हातात दिली. पान, दूध, माती, चाक... काय गोड शब्द! असे शब्द चुकवले मी?

७ जुलै

सकाळची दाढी आणि कविता. निवृत्त झाल्यापासून हा नेम. आणि कविता एकच, तिसरीच्या पुस्तकातली —

पाठीवरती घर घेऊनी कुठे निघाली गोगलगाय?

मग ती भिंत चढते, पानाखाली थांबते, आणि तिथेच माझी गाडीही थांबते. शेवटचं कडवं गेलं ते गेलंच. वर्गमित्रांना विचारलं, रद्दीवाल्याला विचारलं, वाचनालयाच्या कपाटात डोकं घालून शिंकत बसलो. नाही म्हणजे नाही. हिला विचारण्यात अर्थ नाही, जन्मभर शाळेत गणित शिकवलंय हिने. कवितेला म्हणते, 'उत्तर कुठाय?'

मी थांबलो की स्वयंपाकघरातून हिची हाक येते. रोज. शब्द लागत नाहीत, पण पाठ आहेत — पुरे आता, चहा गार होतोय. दुसरं काय असणार? मी म्हणतो, "आलो, आलो!" आणि गालावर साबण घेऊन धावतो. मला बघून ही हसते. साबणाला हसत असेल.

११ जुलै

पान, दूध, माती, चाक —
नदी, शेंडी, वही, नाक!

अहाहा! चालीत बसतंय! बाईंना ठाऊक तरी आहे का आपण केवढी कविता उराशी घेऊन बसलोय?

२१ जुलै

पंचविसांपैकी पंचवीस! पैकीच्या पैकी!

कानात नवी मशीनं. रेकॉर्डिंग तेच. ('आमच्याकडे हे एवढंच आहे, आजोबा.') गृहस्थाने तोंड उघडलं की माझा शब्द तयार. एके ठिकाणी तर त्याच्या आधीच "शेंडी" म्हणून मोकळा झालो. परीक्षक बाईंचे डोळे काचेएवढे! मोठ्या डॉक्टरांनी लिहून दिलं — 'ऑपरेशनची गरज नाही.' लेकीने दवाखान्यातच मिठी मारली. येताना वाटेत जो भेटेल त्याला सांगितलं. चपला शिवणाऱ्यालासुद्धा!

२२ जुलै

घरी मात्र हिने पाटी काढली. (मला काही सांगायचं तर ही खडूने पाटीवर लिहिते. मास्तरीण ती मास्तरीण.) लिहिलं — 'मी विचारलं, जेवलात का. तुम्ही म्हणालात, बुधवारी.'

मग म्हणे, माझ्याकडे पाठ करून बसा. मागून शब्द म्हणणार. मी ऐटीत म्हटलं, "पान! दूध! माती!" वळून बघतो तर हिच्या पाटीवर घागर, कुलूप, उंदीर. एकही जुळेना. भोपळा!

'सातावरून पंचवीस? दोन आठवड्यांत? मला वाटलंच. कॉपी केलीत!'

"पाठांतर म्हणजे कॉपी नव्हे!" मी ओरडलो.

हसेल वाटलं होतं. हसली नाही. पाटी पुसली, मग सावकाश लिहिलं — 'म्हणजे काहीच ऐकू येत नाही? मग रोज सकाळी तुम्ही आलो आलो म्हणता, ते—'

आणि पुढे लिहिण्याआधीच पदराने पुसून टाकलं. "काय? ते काय?" मान हलवली, काही नाही. डोळे पाणावले होते.

२३ जुलै

आज कवितेनंतर हाक आली नाही. चहा मात्र आला.

२५ जुलै

तीन दिवस झाले, हाक नाही. 'सकाळी काय म्हणायचीस?' असं मीच पाटीवर लिहून दिलं. खाली उत्तर — 'लिहून नाही सांगणार. ऐकायचं असेल तर ऐका.'

गोगलगाय आणि पोटात पाय! ठरलं. उद्या दवाखाना.

२६ जुलै

कबुली दिली. अख्खी यादी चालीवर म्हणून दाखवली. परीक्षक बाई टेबलावर डोकं ठेवून हसल्या. लेक कपाळावर हात मारून, "बाबा, शाळेतसुद्धा असंच केलं असणार तुम्ही!" (तिचे ओठ मला वाचता येतात, रागावली की फार स्पष्ट बोलते.) मग बाईंनी शब्द उलटसुलट करून परीक्षा घेतली. मशीन लावूनसुद्धा सहा! पहिल्या खेपेपेक्षाही एक कमी! बाईंनी लिहून दिलं — 'नापास झाल्याबद्दल अभिनंदन. आता ऑपरेशन होईल.'

आयुष्यात पहिल्यांदा नापास होऊन उड्या मारल्या. म्हणजे, एक मारली. गुडघा.

२० ऑगस्ट

झालं ऑपरेशन. डोक्याला हे एवढं बँडेज. ही पाटीवर — 'राजेसाहेब.' यंत्र महिन्याभराने सुरू करणार, तोवर सगळं सामसूम. रोज हिचे ओठ बघतो. मुद्दाम घट्ट मिटून ठेवते!

२२ सप्टेंबर

यंत्र सुरू! सगळं जग बदक झालंय! लेक बदक, डॉक्टर बदक, रिक्षाचा हॉर्न म्हणजे बदकांचा मुख्याध्यापक! बाई म्हणतात, सराव करा, मेंदूला सवय होईल. पुन्हा बालवर्गात! ही रोज समोर बसून पाढे म्हणते, मी ओळखायचे. बे एके बे नको, म्हटलं, तेही पाठ आहेत. तर अधूनमधून मुद्दाम चुकीचे म्हणते!

१२ ऑक्टोबर

"सात चोक सत्तावीस," ही म्हणाली. "चूक!" मी म्हणालो. दोघंही खुर्चीवरून पडायचे बाकी होतो.

१३ ऑक्टोबर

दाढी. साबण. गोगलगाय भिंत चढली, पानाखाली थांबली. मीही थांबलो.

स्वयंपाकघरातून बदकाचा आवाज, पण एकेक अक्षर सुटं —

"वाटेवरती कुणी भेटले, घर दोघांना पुरेल काय?"

तिसरीला पुस्तक एकच होतं की आमचं! कधी विचारलंच नाही मी.

इतकी वर्षं रोज सकाळी ती हे विचारत होती. मी म्हणत होतो, आलो, आलो!

आज ऐकून म्हणालो.