एकशे एक वर्षांचं ठिगळ

९ फेब्रुवारी

बायबिचे आज पाऊण तास कातरीवर बसून होती. बाहेर उणे अठरा, कातर थंडगार, तरी बसायचं ते कातरीवरच – कारण मला ती हवी होती! हलवायला गेलो तर पंजा उगारला. मारला नाही, नुसता दाखवला. एकतीस वर्षं कोचकोर–नारीन बस चालवली, डोलोनच्या घाटात बर्फातही कुणाच्या बापाला रस्ता सोडला नाही. आणि घरात तीन किलोच्या मांजरापुढे उभा राहून चहा पितोय, बाईसाहेब कधी उठतात याची वाट बघत.

खरं नाव कारा. माझी बायको आनारकुल गेली त्याच आठवड्यात हिनं तिची उशी घेतली, शेगडीजवळची जागा घेतली, दुधावरची साय घेतली. मग मीच बायबिचे म्हणायला लागलो – घरची थोरली मालकीण. हाक मारली तर येत नाही. आनारकुलही येत नसे.

उशीचा अभ्रा पुरा झाला. चार कोपरे, चार दिशांना. चालेल.

१४ फेब्रुवारी

मेरिमचा बिश्केकहून फोन. पाच जूनला लग्न! पोरगा तलासचा, दातांचा डॉक्टर. फोटोत तोंड मिटून बसलाय, त्यामुळे स्वतःचे दात कसे आहेत ते कळलं नाही.

"बाबा, रुखवताची गोधडी कुणाकडून शिवून घेणार?"

"आहे एक ओळखीचा."

"ओळखीचा?"

"ओळखीची गं."

मग जरा थांबून म्हणाली, "तिच्यात आईचं काहीतरी असेल ना?" मी म्हटलं, असेल की. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, काय कबूल करून बसलो ते.

आनारकुलचे कपडे वर्षाच्या जेवणाला रिवाजाप्रमाणे वाटून झाले. एकच झगा उरलाय – हिरवं छीट, पिवळे ठिपके. त्या दिवशी त्यावर मांजर बसलं होतं, उठेना. मी बायकांना म्हटलं, याला केस फार लागलेत, देण्यासारखा नाही. तेव्हापासून ते बायबिचेचं अंथरूण. सगळा दोष मांजराच्या माथी मारला, बरं वाटलं.

२० फेब्रुवारी

तुर्दाकुननं मला शिवताना पाहिलं! पडदा ओढायला विसरलो आणि हा खिडकीला नाक लावून उभा. दुपारच्या आत स्टँडवरच्या चहाखान्यात सगळ्यांना ठाऊक.

"जुमाके, सुईला क्लच कुठल्या पायाला असतो हो?"

"जुमाके, आमच्या हिचा परकर उसवलाय, आणू का?"

मी म्हटलं, "तुर्दाकुन, तुझ्या तोंडाला शिवण घालायची आहे, माप देऊन जा." सगळे हसले. तो नाही हसला. निघताना मला कोपऱ्यात घेतलं आणि हळूच विचारलं – कोटाचं अस्तर फाटलंय, होईल का?

यात लाजायचं काय ते मला अजून कळलेलं नाही, तरी लाजतोय. गेल्या हिवाळ्यात आनारकुलच्या शिवणमशीनला तेल घालायला बसलो. तेल चढलं का बघायला एक चिंधी चालवून पाहिली. मग दुसरी. बस म्हणजे नुसतं इथून तिथं नेणं. इथं दोन तुकडे जोडले की जोडलेलेच राहतात. ते आवडलं मला, झालं!

३ मार्च

सुयुनबुबू एजे आल्या. आनारकुलची थोरली बहीण. वय चौऱ्याहत्तर, आवाज चोविसाचा. बूट काढायच्या आधीच – "ऐकलं ते खरं का जावई?" जोडलेले तुकडे उलटे केले, टाके पाहिले, चष्मा लावून परत पाहिले. "आमच्या मेंढ्या याहून सरळ चालतात." दोन ओळी उसवायला लावल्या. बायबिचेकडे बघून म्हणाल्या, "ही बसते ती बरोब्बर चुकलेल्या शिवणीवर." तेवढं मात्र खरं आहे.

मग मी झग्याचं काढलं. तोंड उघडायची खोटी!

"डोकं ठिकाणावर आहे का? रुखवताच्या गोधडीत म्हाताऱ्या होऊन गेलेल्या बायकांचं कापड घालतात. ऐंशी, नव्वद. नवरीला त्यांचं आयुष्य लागावं म्हणून. सत्तावन्नाव्या वर्षी गेलेल्या बाईचं घालत नाहीत."

"ती बाई तिची आई आहे."

"माझी बहीण आहे ती! मला शिकवू नकोस. उद्या तिच्या पोराला साधा ताप आला, तर सासू कुणाकडे बोट दाखवेल? तुझ्याकडे नाही, मेरिमकडे. जन्मभर."

अशा वेळी मी चहा टाकतो. टाकला.

११ मार्च

एजेंनी गावभर सांगितलं, जुमाकेंना दीर्घायुष्याची कापडं द्या. दिवसभर दार बंद होईना. आलेला माल असा:

कालीपा, अठ्ठ्याऐंशी. लाल मखमल. तीन सुना माहेरी पळवल्या.

बुरमा, एक्क्याण्णव. राखाडी लोकर. चाळीस वर्षं नवऱ्याशी एक शब्द बोलली नाही. तो ब्याण्णवाव्या वर्षी तृप्त मनानं गेला – म्हणजे कापड खरं त्याचं हवं.

तिसरीचं नाव लिहीत नाही, तिचा मुलगा माझ्याच गल्लीत राहतो. तिच्या मरणाला एवढे लोक जमले कारण कुणालाच खरं वाटत नव्हतं.

आणि हे सगळं शुभ! आनारकुलनं शाळेतून आल्यावर गल्लीतल्या सात पोरांना फुकट वाचायला शिकवलं, आजारी शेजारणीचं दूध काढलं, माझ्यासारख्या माणसाला तेहतीस वर्षं सोसलं. तिचं कापड तेवढं अशुभ. राग येतो मला, फार राग येतो. मरणाच्या तारखेवरून माणूस मोजतात हे लोक.

मखमल कापायला सरळ नाही. कालीपासुद्धा नव्हती.

२१ मार्च

नोरूझ, वसंतातलं नवं वर्ष. चौकात सुमोलोकची, मोड आलेल्या गव्हाच्या खिरीची, कढई चढली होती. पळी फिरवताना मनात काहीतरी मागायचं असतं. बायका लेकरं मागत होत्या, तुर्दाकुन गुडघे मागत होता. मी एक चांगली थाप मागितली.

मिळाली!

२२ मार्च

बातमाकान. वय एकशे एक. राहणार सोन-कुल तळ्याच्या पलीकडे, जिथं रस्ता जात नाही. (रस्ता कुठं जात नाही ते ड्रायव्हरलाच विचारावं.) पंचेचाळीस नातवंडं, पतवंडांची मोजदाद नाही, दात सगळे शाबूत. तिची अडलेली मेंढी मी एकदा बसमधून दवाखान्यात नेली होती. त्याची आठवण ठेवून पोरीसाठी आपल्या झग्याचा तुकडा धाडला. कुणाहाती? मेंढपाळाहाती. कुठला मेंढपाळ? परत गेला.

आरशासमोर तीनदा म्हणून पाहिलं. बायबिचे ऐकत होती. दुसऱ्या वेळेला उठून गेली.

२५ मार्च

झगा कापला.

आधी मालकिणीशी बोलणी. तिला वाटीभर साय दिली, तिनं साय खाल्ली आणि परत झग्यावर येऊन बसली. मग समजावून सांगितलं – बाही आणि छातीचा भाग माझा, खालचा घेर सगळा तुझा. चोर वाटेकऱ्यांसारखे बसलो होतो दोघं. कातर लावली तेव्हा तिनं घेराचा काठ पंज्याखाली दाबून धरला.

बाहीला अजून आनारकुलचा वास आहे. की मांजराचा आहे? दोन्ही असेल. पहिला टाका घालायला किती वेळ गेला कोण जाणे. तुकडा बरोब्बर मधोमध लावलाय. सगळ्या म्हाताऱ्या चारी बाजूंनी, मध्ये ती.

९ एप्रिल

शेजारची गुलसून आली. "हा हिरवा कुणाचा?" मी लोणकढी सोडली. गुलसूननं तुकडा कपाळाला लावला, ओठाला लावला, डोळे मिटून दुवा पुटपुटली. याच गुलसूननं आनारकुल आजारी असताना आमच्या घरचा पेला तोंडाला लावला नव्हता, लागण होईल म्हणून.

मी मान खाली घालून धावदोरा घालत राहिलो. हसू आवरत होतो. हसूच होतं असं नाही.

३ मे

गुलसून परत. नातवासाठी बातमाकानच्या कापडाचा बोटभर तुकडा हवा. नाही कसं म्हणणार? दिला. बायबिचेच्या वाट्यातूनच काढावा लागला. दिवसभर माझ्याकडे पाठ करून बसली होती.

१९ मे

बातमाकान आता एकशे सातची झालीये. लांडग्याला लाथ मारली म्हणे. तुर्दाकुन सांगतो, त्याचे आजोबा तिच्यावर मरत होते! मी सांगितलं ते एवढंसं, बाकी सगळं गावानं जोडलं, आणि माझ्यापेक्षा सफाईनं.

गुलसूनचा नातू तुकडा टोपीत शिवून फिरतो. ठणठणीत आहे. पोराला दोन नवे दातही आले. बघा म्हणावं तुमचं अशुभ!

एजेंना मात्र गोधडी अजून दाखवलेली नाही. त्यांच्या नजरेची भीती वाटते. ती मेरिमला सांगितली तर म्हणाली, "बाबा, मावशीला काय सांगायचं ते तुम्हीच बघा." हिरवा तुकडा कुणाचा ते मेरिमला मी अजून बोललेलो नाही. न बोलता कळतं तिला सगळं, आईवर गेलीये.

२८ मे

गोधडी पूर्ण. कड वाकडी, पण अस्तर सपाट. एजे आल्या. मी थाप सांगितली – मेंढी, मेंढपाळ, दात, सगळं. त्यांनी हिरव्या तुकड्यावर बोट ठेवलं. उचललंच नाही किती वेळ. मग म्हणाल्या, "इथले टाके सरळ आलेत." एवढंच.

पचली! गावाला अक्कल शिकवणारी बाई, माझ्या मेंढीला फसली.

४ जून

तलासहून व्याही मंडळी आली. रुखवत मांडलं. पेटीवर गाद्यांची चळत, वर माझी गोधडी पसरलेली. खोलीत तीस-पस्तीस बायका, तळलेल्या कणकेच्या बोरसोकचा ढीग, आणि सगळ्यांची तोंडं एकाच वेळी चालू. मी दाराशी उभा, पुरुषानं उभं राहावं तिथं.

आणि बायबिचे आली. शेपटी ताठ. तीस जणींच्या मधून, कुणाच्या चहाला, कुणाच्या झालरीला न जुमानता. चढली चळतीवर, सरळ गेली हिरव्या तुकड्यावर, पुढच्या पायांनी तो कणकेसारखा मळला, आणि घुरघुरत गोल होऊन झोपली. माझी पाचावर धारण बसली.

विहीणबाई म्हणाल्या, "बाई गं! मुक्या जनावरालाही कळतं बघा. हेच ना ते एकशे सात वर्षांचं कापड?" कीर्ती तलासपर्यंत गेली होती!

तेवढ्यात गुलसून पुढं झाली, डोळे बारीक करून. "पण हे छीट मी कुठंतरी पाहिलंय. आपली आनारकुल नाही का –"

"बाजारात पाहिलं असशील," सुयुनबुबू एजे कडाडल्या. "त्या साली अर्ध्या कोचकोरनं हेच छीट घेतलं होतं. बातमाकानच्या अंगावर मी या डोळ्यांनी पाहिलंय. तिच्या हातचा चहा प्यायलेय. तू कधी गेलीस का सोन-कुलच्या पलीकडे? मग बोरसोक खा!"

गुलसूननं बोरसोक खाल्ला.

मनात म्हटलं, वा एजे! आपण कुठंच मागं नाही हे दाखवायला माणूस काय काय बोलतं. जी बाई मी घडवली तिच्या हातचा चहा प्यायल्या! मेरिमनं मांजराला उचलून माझ्या हातात दिलं. गोधडीची घडी घालताना हिरवा तुकडा एकदा गालाला लावला. माझ्याकडे पाहिलं नाही. बरं झालं नाही पाहिलं, नाही तर मी तिथंच रडलो असतो.

७ जून

घर रिकामं. मशीनवर काही नाही. बायबिचे राहिलेल्या घेरावर आणि मी तिच्याशेजारी जमिनीवर. तुर्दाकुनचं अस्तर घेतलंय हातात. त्याच्या कोटाच्या खिशात तीन सूर्यफुलाच्या बिया आणि एक जुनं बसचं तिकीट निघालं. माझ्या बसचं. त्याला सांगणार नाही.

१२ जून

सुयुनबुबू एजे आल्या. बसल्या नाहीत. पिशवीतून एक झगा काढून मशीनवर ठेवला – हिरवं छीट, पिवळे ठिपके, त्यांच्या मापाचा.

"एकाच ताग्यातून शिवले होते आम्ही दोघींनी. गोधडीवर बोट ठेवलं तेव्हाच ओळखलं मी. त्या तुकड्यातली तिच्या हातची शिवण मी ओळखणार नाही? याची बाही काप, म्हणजे तो तुकडा याचाच वाटेल. गुलसून गप्प बसणार नाही. कुणी विचारलं तर म्हण, तो तुकडा माझाच आहे, बातमाकानचं नाव मीच सांगायला सांगितलं." मग दारात थांबून बूट घालता घालता – "आता मात्र नव्वदीपर्यंत जगावं लागणार मला, जावई. सोळा वर्षं. तुझ्या पोरीसाठी. आणि गुडघे आत्ताच गेलेत माझे."