पाहुण्यांच्या ग्रुपवर टाकलेली लिंक

आक्का,

तुझ्या ब्लॉगवर तू नाव घातलं नव्हतंस. वाचणारे आम्ही दहा-बारा जण. तिथली लिंक बाहेर न्यायची नाही, असं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण सहा वर्षांत कुणी नेली नाही. मी नेली. पैपाहुण्यांच्या ग्रुपवर टाकून वर लिहिलं, 'आमच्या मंजुश्रीआक्काचं लिखाण, जरूर वाचा.'

अभिमानानं टाकली, असं सगळ्यांना सांगतोय. पण हे लिखाण आधी मला सापडलं, हेही मला दाखवायचं होतं.

विणकामाचे माग विकल्यापासून दाजी तुझ्यावर हात उचलतात, हे तू तिथंच लिहिलं होतंस. मी खाली 'फार प्रांजळ' अशी दाद दिली, वडगावला तुझ्या घरी मात्र आलो नाही. वाचलेलं तिथंच ठेवायचं असतं, अशी स्वतःची समजूत घातली. आणि ग्रुपवर दाजीही आहेत, हे लिंक टाकताना मला सुचलं नाही.

बायाक्का मावशीचा व्हॉइस मेसेज लगेच आला. "घरातलं असं चव्हाट्यावर मांडतेत व्हय गं? लई शिकलीस!" मी लिंक काढली, तोवर दाजींनी ती उघडली होती. संध्याकाळी ब्लॉग गेला. तुझा फोन आता दाजी उचलतात, म्हणून हे वहीतच लिहितोय.

आज तुझ्याकडे गेलो होतो. दाजी दारातूनच म्हणाले, "ती न्हाय घरात. नंदगडला गेलीया."

तुझ्या चपला उंबऱ्याबाहेर होत्या. मी त्या पाहिल्या, "बरं" म्हणालो आणि परत आलो.

तुझा धाकटा,
किशन