पन्नीखालची ठिणगी

बाबा, गाडी पावसात का बंद पडते ते सापडलं. तुमच्या पद्धतीनं सापडलं, म्हणून तुम्हालाच सांगते आहे.

गडचिरोलीच्या या जंगलातल्या गावांत लसीचा डबा न्यायचा तर नर्सला मोटरसायकलच लागते. माझी गाडी उन्हात सुरेख पळते. पाऊस लागला की अडखळते, चढावर दम सोडते. मेकॅनिकनं प्लग बदलला, कार्बोरेटर साफ केला आणि शेवटी म्हणाला, "मॅडम, जुनी गाडी हाये, सर्दी होते तिले." गेल्या महिन्यात ती नाल्याच्या अलीकडे बंदच पडली. पलीकडच्या गावात बाया भाताच्या रोवणीची मजुरी सोडून, लेकरं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. डब्यातला बर्फ वितळला, मी पोहोचले नाही. त्या गावच्या आशाताईनं नंतर निरोप सांगितला, "बाया म्हणतात, अजून एक डाव येऊ. मॅडम नाई आल्या तं मंग बोलावू नोका."

आज तो डाव होता. आशाताई सकाळीच मला घ्यायला आली, बहुधा माझ्यावर पहारा ठेवायला. डबा मांडीवर घेऊन मागे बसली. सागाच्या जंगलात चढ लागला, पावसानं जोर धरला आणि गाडी फटफट करून थांबली.

"प्लगले पन्नी बांधली ना मॅडम?"

बांधली होती. इकडे पावसाळा आला की सगळेच बांधतात, मीही प्लॅस्टिकची पिशवी रबर लावून नीट बांधली होती. आणि तिच्या त्या प्रश्नानं मी एकदम घुग्घुसच्या क्वार्टरमध्ये, आईच्या स्वयंपाकघरात. तुम्ही खाणीतून भिजून आला आहात, गाडी थेट चुलीपर्यंत आणली आहे आणि आपल्या दोघांवर घोंगडी ओढली आहे. बाहेर भर दुपार, आत मिट्ट काळोख. आई भाकरी थापत विचारते, "बाप-लेक कोंबड्यावानी काऊन दडून राह्यले?" तुम्ही म्हणता, "गाडीले सर्दी नाई होत. वीज कुठीतरी चोरवाट काढून राह्यली. अंधारात दिसते." मी हात पुढे करते आणि मनगटावर चापट बसते. "बोट नाई. डोळे." पन्नी बांधणाऱ्यांचा तुम्हाला भारी राग. "बाहेरचं पाणी थांबते, आतलं कोण काढन?" हे मी ऐकलं होतं आणि तरी बांधली.

पन्नी सोडली. आतून घामेजली होती. दोघींचे रेनकोट गाडीवर पसरले, मी खाली डोकं घातलं आणि ताईला किक मारायला लावली. तिनं साडी खोचली. दहाबारा किका झाल्यावर वरून आवाज आला, "माह्या सासूले एवढ्या लाता मारल्या असत्या तं तेबी चालू झाली असती."

मग ठिणगी दिसली. प्लगच्या टोपीखाली वायरला चीर गेली होती आणि तिथून निळा धागा इंजिनवर उडी मारत होता. वीज प्लगपर्यंत पोहोचतच नव्हती. मी किक थांबवायला लावली, पिशवीतल्या कात्रीनं चिरलेलं टोक कापलं, कोरड्या गॉजनं सगळं पुसलं आणि टोपी पिळून पुन्हा बसवली. स्वच्छ कात्री वायरला लावली म्हणून कुणी रागावणार असेल तर खुशाल रागवावं. गाडी सुरू झाली आणि त्याच पावसात चढ चढून गेली.

बाया समाजमंदिरात बसल्या होत्या. एक तर लेकरू पाठीशी बांधून उठलीच होती. मला पाहून म्हणाली, "आली का तुमची फटफटी?" आणि परत बसली. डब्यात बर्फ होता. एकेक करून सगळी लेकरं रडली. पुढच्या महिन्याचा दिवस मी तिथेच सांगितला, पाऊस असो नसो. उद्या नवी वायर घालते आहे, आणि त्या मेकॅनिकला समोर उभं करून, रेनकोटखाली डोकं घालायला लावून दाखवणार आहे.

हा कागद गाडीच्या डिकीत, तुम्ही मागे ठेवून गेलेल्या पान्यांजवळ ठेवते. पन्नीत गुंडाळत नाही. एक तेवढं राहिलं. ठिणगी मला तिसऱ्या-चौथ्या किकलाच दिसली होती. ताई वरून विचारत होती, "दिसली का मॅडम?" आणि मी त्या घोंगडीतल्यासारख्या अंधारातून म्हणत राहिले, "अजून नाही. मार."